घर, पियानो आणि वाद्यवृंद : जर्मन भाषक प्रदेशातील संगीतकार कुटुंबांतील तरुण वादक (१७२९ ते १८४७)

प्रस्तावना

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासलेखनात 'बालप्रतिभा' या कल्पनेने फार मोठी जागा व्यापलेली आहे. सहा वर्षांचा मुलगा राजवाड्यात वाजवतो, नऊ वर्षांची मुलगी भरल्या सभागृहात रंगमंचावर येते, चौदा वर्षांचा किशोर वाद्यवृंदासाठी रचना लिहितो, असे प्रसंग चरित्रकारांनी मोठ्या आवडीने रंगवले आहेत. या वर्णनांत प्रतिभा ही ईश्वरी देणगी म्हणून येते आणि ज्या घरात ते मूल वाढले ते घर केवळ पार्श्वभूमी म्हणून उरते. वस्तुतः ही मुले बहुधा संगीतकारांच्याच घरी जन्मली होती. वाद्य, शिक्षक, तालीम, श्रोते आणि प्रसंगी वाद्यवृंदसुद्धा त्यांना घरातूनच मिळाला होता. तेव्हा प्रतिभेइतकाच अभ्यास त्या घराचाही व्हावयास हवा.

मराठी संगीतचर्चेत 'घराणे' हा शब्द गायकीच्या शैलीसाठी रूढ आहे. प्रस्तुत निबंधात तो अर्थ अभिप्रेत नाही. येथे विचार करावयाचा आहे तो प्रत्यक्ष कुटुंबाचा, म्हणजे एका छपराखाली राहणाऱ्या आई, वडील व भावंडांचा. त्यांच्या उपजीविकेचा आणि त्यांच्यातील सत्तासंबंधांचा.

'कॉन्चेर्टो' हा रचनाप्रकार या दृष्टीने विशेष उपयुक्त ठरतो. एक वादक आणि त्याच्यासमोर संपूर्ण वाद्यवृंद अशी त्याची मांडणी असते. सोनाटा दिवाणखान्यात एकट्याने वाजवता येतो. कॉन्चेर्टोला मात्र वादक जमवावे लागतात, त्यांचे मानधन द्यावे लागते, जागा लागते. घरातून सार्वजनिक जीवनात जाण्याचा उंबरठा म्हणून त्याच्याकडे पाहता येते. त्यातही दोन किंवा अधिक पियानोंसाठी लिहिलेला कॉन्चेर्टो इतिहासाच्या अभ्यासकाला फार काही सांगून जातो. अशी रचना लिहिणाऱ्यापाशी आपल्या तोडीचा दुसरा वादक असावा लागतो आणि तो अनेकदा घरातच असे. ती रचना घराबाहेर पडली तेव्हा दुसऱ्या पियानोवर कोण बसले, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो; परंतु त्याचे उत्तर शोधू लागले असता असे दिसते की, घरातील तालमीला वाद्यवृंदापर्यंत नेणारी किंवा दारातच थांबवणारी गोष्ट बोटांतील कसब ही नव्हती. त्या घराची चूल संगीतावर पेटत होती की नाही, आणि वडिलांनी कोणत्या अपत्यासाठी काय योजिले होते, यावर ते ठरत होते.

कॉफीगृहातील बाख कुटुंब

योहान सेबास्टियन बाख १७२९ मध्ये लाइपझिग येथील 'कोलेजियम म्यूझिकुम' या वादकमंडळाचा संचालक झाला. विद्यापीठातील विद्यार्थी व शहरातील वादक मिळून झालेले हे मंडळ झिमरमान याच्या कॉफीगृहात नियमित मैफिली करीत असे. या मैफिलींशी बाखच्या हार्प्सिकॉर्डच्या कॉन्चेर्टोंचा निकटचा संबंध मानला जातो. त्यांपैकी काही दोन, काही तीन आणि एक चार हार्प्सिकॉर्डांसाठी आहे. हे वाद्य प्रामुख्याने साथीचे मानले जात होते, त्या काळात त्याला वाद्यवृंदासमोर आणून बसवणे हीच मुळात नवी गोष्ट होती.

इतके हार्प्सिकॉर्डवादक कोठून आले? परंपरेने याचे उत्तर बाखच्या घरात शोधले आहे. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान १७१० चा आणि कार्ल फिलिप इमानुएल १७१४ चा. त्यांनी वडिलांसमवेत ही कॉन्चेर्टो वाजवली असावीत, असे सांगितले जाते. फ्रीडमान १७३३ मध्ये ड्रेस्डेनला गेला आणि इमानुएल पुढल्याच वर्षी शिक्षणासाठी फ्रांकफुर्ट आन देर ओडर येथे. म्हणजे तिघे एकत्र वाजवू शकले असतील तो काळ अवघा चार-पाच वर्षांचा होता. घर हेच विद्यालय आणि घर हेच वाद्यवृंदाला वादक पुरवणारे भांडार, अशी ही व्यवस्था होती. सुताराच्या मुलाने रंधा हाती घ्यावा तितक्याच सहजतेने ही मुले वादनाकडे वळली.

मात्र याच घरातील मुलींबद्दलचा पुरावा पाहण्याजोगा आहे. २८ ऑक्टोबर १७३० रोजी बाखने गेओर्ग एर्डमान या जुन्या मित्राला एक पत्र लिहिले. नोकरीतील गाऱ्हाणी मांडून झाल्यावर तो आपल्या मुलांविषयी अभिमानाने लिहितो की, ती सारी जन्मजात संगीतकार असून घरच्याघरी गायन-वादनाचा पूर्ण मेळ जमवता येतो. पत्नीचा आवाज चांगला आहे आणि थोरली मुलगीही बरी साथ करते, अशी पुस्ती तो जोडतो. ही थोरली मुलगी म्हणजे काथारिना डोरोथेआ. तिचे वय त्या वेळी एकवीस होते, म्हणजे ती फ्रीडमानहूनही मोठी. घरातील मेळात तिला स्थान होते. कॉफीगृहातील हार्प्सिकॉर्डवर ती बसल्याची नोंद आढळत नाही. 'बरी साथ करते' या एका शेऱ्याव्यतिरिक्त तिच्या संगीताबद्दल इतिहासाने फारसे काही जपून ठेवलेले नाही.

साल्झबर्ग : बहिणीची खुर्ची

लिओपोल्ड मोझार्ट हा साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या दरबारातील व्हायोलिनवादक होता. व्हायोलिनशिक्षणावरील त्याचा ग्रंथ १७५६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्याचा मुलगा वोल्फगांग जन्मला. मुलगी मारिया आना, घरातले नाव नान्नर्ल, ही भावापेक्षा साडेचार वर्षांनी मोठी. लिओपोल्डने १७५९ मध्ये सोप्या रचनांची एक वही तयार केली ती नान्नर्लसाठी. वोल्फगांगचे पहिले धडे बहिणीच्या त्याच वहीतून झाले आणि त्याच्या पहिल्या रचनाही त्याच वहीच्या पानांवर उतरल्या. संगीताच्या इतिहासातील एका सर्वश्रेष्ठ रचनाकाराचा आरंभ बहिणीच्या अभ्यासवहीत आहे, ही गोष्ट चरित्रग्रंथांतून ओझरती येते. तिला याहून अधिक महत्त्व मिळावयास हवे.

जून १७६३ ते नोव्हेंबर १७६६ या काळात हे कुटुंब युरोपच्या दीर्घ दौऱ्यावर होते. म्युनिक, पॅरिस, लंडन, हेग अशा शहरांतून दोन्ही मुलांचे वादन झाले. लिओपोल्डची या दौऱ्यातील पत्रे म्हणजे एका हिशेबी पित्याचा दस्तऐवज आहे. कोणत्या दरबारातून किती मोहरा मिळाल्या, किती रत्नजडित डब्या मिळाल्या, याची टिपणे त्यांत आहेत. लंडनमध्ये १७६४ साली दिलेल्या जाहिरातीत मुलांची वये त्याने एकेका वर्षाने कमी सांगितली. १७६५ मध्ये दरबारी श्रोते ओसरल्यावर मुलांना कॉर्नहिल भागातील एका खानावळीच्या दालनात रोज ठराविक वेळी, माफक शुल्कात, वाजवण्यास बसवले गेले. पट्ट्यांवर कापड झाकून वाजवण्याचा खेळही त्यात होता. या साऱ्याला शोषण म्हणावे की उपजीविका, याचा निवाडा आजच्या मोजमापाने करणे सोपे आहे. परंतु नोकरदार संगीतकाराच्या घरी मुलांचे कसब ही मिळकत होती, एवढे निश्चित. आणि या मिळकतीत नान्नर्लचा वाटा दुय्यम नव्हता. जून १७६४ मध्ये लंडनहून लिहिलेल्या पत्रात लिओपोल्ड तिची गणना युरोपातील अत्यंत निपुण वादकांत करतो. त्या वेळी ती बारा वर्षांची होती.

डिसेंबर १७६९ मध्ये लिओपोल्ड मुलाला घेऊन इटलीला निघाला. अठरा वर्षांची नान्नर्ल आईसमवेत घरीच राहिली. तिच्या वादनात काही उणे आले होते म्हणून हे घडले नाही. लहान मुलगी वाजवते हे नवल म्हणून खपत होते, उपवर मुलगी वाजवते ते नवल म्हणून खपत नव्हते आणि दरबारातील संचालकपदे पुरुषांसाठीच होती. लिओपोल्डने गुंतवणूक मुलावर केली. त्यानंतरच्या पत्रांतून नान्नर्लची रचना करण्याची उमेदही डोकावते. १७७० च्या जुलैमध्ये वोल्फगांग रोमहून तिच्या एका गीताचे मनापासून कौतुक करतो. तिची एकही रचना आज उपलब्ध नाही.

या पार्श्वभूमीवर वोल्फगांगचा दोन पियानोंसाठीचा इ-फ्लॅट मेजरमधील कॉन्चेर्टो पाहावा लागतो. तो १७७९ मध्ये साल्झबर्ग येथे, बहिणीसमवेत वाजवण्यासाठी लिहिला, अशी रूढ समजूत आहे. काही अभ्यासक तो त्याआधीच्या दोन-चार वर्षांतील मानतात. स्वरलेखनाकडे दस्तऐवज म्हणून पाहिले तर एक गोष्ट नजरेत भरते. दोन्ही पियानोंचे काम समतोल आहे. एकाने वाक्य उच्चारावे, दुसऱ्याने ते उचलून पुढे न्यावे, कधी पहिल्याने दुसऱ्याच्या मागे राहावे, अशी ही रचना आहे. याची तुलना त्याच्याच तीन पियानोंच्या कॉन्चेर्टोशी करता येईल. तो त्याने फेब्रुवारी १७७६ मध्ये साल्झबर्गच्या काउंटेस लोड्रोन व तिच्या दोन मुलींसाठी लिहिला. त्यातील तिसऱ्या पियानोचे काम मुद्दाम सोपे ठेवले आहे, कारण ते धाकट्या मुलीच्या वाट्याचे होते. म्हणजे समोरच्या वादकाची कुवत पाहून मोझार्ट लिहीत असे. दोन पियानोंच्या कॉन्चेर्टोत त्याने दुसऱ्या वादकाला कोठेही सूट दिलेली नाही. रचना नान्नर्लसाठी असेल, तर तिच्या प्रौढ वादनाविषयीचे यापेक्षा भरवशाचे प्रशस्तिपत्र सापडणे कठीण.

ही रचना घराबाहेर पडली ती व्हिएन्नामध्ये. २३ नोव्हेंबर १७८१ रोजी वोल्फगांगने ती योझेफा आउएर्नहामर या आपल्या शिष्येसमवेत, तिच्या वडिलांच्या घरच्या मैफिलीत वाजवली आणि १७८२ मध्ये तिच्याच साथीने व्हिएन्नातील सार्वजनिक मैफिलीतही वाजवली. दुसऱ्या खुर्चीवर स्त्रीच होती, हे लक्षात घेतले पाहिजे. स्त्रीला वाद्यवृंदासमोर बसण्याची सरसकट बंदी होती, असे म्हणता येत नाही. योझेफाने पुढे व्यावसायिक वादक व रचनाकार म्हणून नाव मिळवले. प्रश्न शहराचा होता, घराचा होता आणि वडिलांच्या इच्छेचाही. नान्नर्ल साल्झबर्गमध्ये वडिलांचे घर सांभाळत होती व शिकवण्या करीत होती. वडिलांच्या पश्चात आपले पोट आपणास भरावे लागेल, या चिंतेने ती साथसंगतीचा कसून सराव करीत असल्याचे १७७७-७८ च्या पत्रव्यवहारातून दिसते. १७८४ मध्ये तिचा विवाह सांक्ट गिल्गेन येथील एका विधुर अधिकाऱ्याशी झाला. त्याला आधीची पाच मुले होती. वोल्फगांगच्या नव्या पियानो कॉन्चेर्टोंच्या प्रती वडिलांमार्फत तिच्याकडे त्या तळ्याकाठच्या गावी पोहोचत राहिल्या. ती त्या बसवीत असे. त्या वाजवण्यासाठी लागणारा वाद्यवृंद त्या गावात नव्हता.

बर्लिन : रविवारच्या मैफिली

मेंडेल्सझोन कुटुंबाची गोष्ट वरील दोन्ही घरांपासून वेगळी आहे, कारण या घरात संगीत विपुल होते आणि त्यावर पोट मात्र अवलंबून नव्हते. आब्राहाम मेंडेल्सझोन हा पेढीचा मालक आणि तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन याचा पुत्र. पत्नी लेआ स्वतः उत्तम पियानो वाजवीत असे. तिची मावशी सारा लेव्ही ही विल्हेल्म फ्रीडमान बाखची शिष्या. कॉफीगृहातील त्या हार्प्सिकॉर्डांचा धागा असा बर्लिनच्या या घरापर्यंत येतो. सारा लेव्हीने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झेल्टरच्या वादकमंडळासमवेत बाखची कॉन्चेर्टो वाजवली होती. ते मंडळ हौशी वादकांचे होते आणि त्यात मानधनाचा व्यवहार नव्हता. प्रतिष्ठित घरातील स्त्री वाद्यवृंदासमोर बसू शके, परंतु त्यातून पैसा येता कामा नये, हा अलिखित नियम येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

थोरली मुलगी फॅनी १८०५ ची, फेलिक्स १८०९ चा. दोघांचे शिक्षक तेच : पियानोसाठी लुडविग बेर्गर, रचनाशास्त्रासाठी झेल्टर. तेराव्या वर्षी फॅनीने वडिलांच्या वाढदिवशी बाखचे चोवीस प्रेल्यूड तोंडपाठ वाजवून दाखवले. जुलै १८२० मध्ये, ती चौदा वर्षांची असताना, वडिलांनी तिला जे पत्र लिहिले ते संगीताच्या सामाजिक इतिहासात प्रसिद्ध आहे. संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तिच्यासाठी मात्र ते केवळ भूषण असू शकते, असा त्याचा आशय. १८२८ मध्ये, तिच्या तेविसाव्या वाढदिवशी, वडिलांनी पुन्हा लिहिले की, गृहिणीपद हेच मुलीचे एकमेव कार्य होय आणि तिने त्याची तयारी करावी. आब्राहामला संगीताचे वावडे होते, असा याचा अर्थ नाही. मुलाच्या बाबतीतही तो साशंकच होता. १८२५ मध्ये फेलिक्सला पॅरिसला नेऊन केरुबिनीचा अभिप्राय मिळाल्यावरच त्याने मुलाच्या व्यवसायाला मनोमन संमती दिली. ज्यू कुळातून येऊन प्रशियन समाजात नुकतेच स्थिरावलेल्या आणि १८१६ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा करविलेल्या या घराला प्रतिष्ठेला जपावे लागत होते. मुलीने तिकीट लावून वाजवणे त्या प्रतिष्ठेत बसत नव्हते.

तरीही या मुलीला वाद्यवृंद मिळाला. तो घरात आणून बसवला गेला. १८२१ च्या सुमारास मेंडेल्सझोनांच्या घरी एका आड एक रविवारी मैफिली सुरू झाल्या आणि त्यांसाठी राजदरबाराच्या वाद्यवृंदातील वादक मानधन देऊन बोलावले जात. बारा-तेरा वर्षांच्या फेलिक्सला आपली प्रत्येक नवी रचना प्रत्यक्ष वाद्यवृंदाकडून ऐकता येई. युरोपातील फार थोड्या रचनाकारांना, कोणत्याही वयात, ही सोय लाभली असेल. त्याच्या अकाली परिपक्वतेची कारणमीमांसा करताना या मानधनाचा हिशेबही मांडावा लागतो.

या मैफिलींसाठी फेलिक्सने दोन पियानोंचे दोन कॉन्चेर्टो लिहिले. पहिला, इ मेजरमधील, १७ ऑक्टोबर १८२३ रोजी पूर्ण झाला. दुसरा, ए-फ्लॅट मेजरमधील, १२ नोव्हेंबर १८२४ रोजी. पहिला लिहिला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता व फॅनी अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. फॅनीच्या १८२४ च्या वाढदिवशी भावंडांनी घरी कॉन्चेर्टो वाजवल्याचे सांगितले जाते. येथेही दोन्ही पियानोंत डावे-उजवे करणे कठीण आहे. धाकटा भाऊ बहिणीला दाद देत, क्वचित तिला आव्हान देत लिहितो आहे, असे स्वरलेखनावरून जाणवते. पहिल्या भागातील काही जागा तर दोघांत चढाओढ लावण्यासाठीच घातल्यासारख्या आहेत.

आता या दोन रचनांचा पुढील प्रवास पाहावा. ए-फ्लॅट मेजरमधील कॉन्चेर्टो सार्वजनिक सभागृहात आला तो २० फेब्रुवारी १८२७ रोजी, श्टेटिन शहरात. एका पियानोवर अठरा वर्षांचा फेलिक्स होता आणि दुसऱ्यावर कार्ल लोवे. इ मेजरमधील कॉन्चेर्टो १३ जुलै १८२९ रोजी लंडनमध्ये, सायलेशियातील पूरग्रस्तांच्या मदतीसाठी भरवलेल्या मैफिलीत वाजवला गेला. या वेळी दुसऱ्या पियानोवर इग्नात्स मोशेलेस होता. बहिणीच्या हातांसाठी लिहिलेल्या दोन्ही रचना बाहेरच्या जगात गेल्या आणि दोन्ही वेळा तिच्या जागी भावाचे व्यवसायबंधू बसले. यात फेलिक्सचा काही दुष्ट हेतू होता, असे सुचवण्याचे कारण नाही. परगावी मैफल असता तेथील नामवंताला सोबत घेणे हा रिवाजच होता. परंतु रिवाज निर्दोष असला तरी त्याचा परिणाम तोच राहतो. फॅनी प्रेक्षागृहातही नव्हती. ती बर्लिनला होती. दोन्ही कॉन्चेर्टो फेलिक्सच्या हयातीत छापले गेले नाहीत. ते हस्तलिखित रूपातच राहिले.

१८२९ मध्ये फॅनीचा विवाह चित्रकार विल्हेल्म हेन्सेल याच्याशी झाला. तिच्या संगीताला त्याचे प्रोत्साहनच होते. १८३१ पासून रविवारच्या मैफिली तिने आपल्या हाती घेतल्या. लाइपझिगर श्ट्रासे येथील वाड्यातील बागेच्या दालनात ती पियानो वाजवी, गायकवृंद बसवी आणि संचालनही करी. बर्लिनच्या सांगीतिक जीवनातील हे एक प्रमुख केंद्र होते. तरीही ते निमंत्रितांचे होते. सार्वजनिक मैफिलीत वाद्यवृंदासमवेत पियानो वाजवल्याची तिची एकच नोंद मिळते. ती १८३८ ची, धर्मादाय मैफिलीतली. तिने निवडला तो भावाचा जी मायनरमधील कॉन्चेर्टो. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती.

लाइपझिग : पित्याची शाळा, पित्याचा गल्ला

९ नोव्हेंबर १८३५ रोजी लाइपझिगच्या गेवांडहाऊस सभागृहात सोळा वर्षांच्या क्लारा वीकने स्वतःचा ए मायनरमधील पियानो कॉन्चेर्टो वाजवला. वाद्यवृंदाचे संचालन फेलिक्स मेंडेल्सझोनकडे होते. तो नुकताच या पदावर आला होता. त्याच मैफिलीत बाखचा तीन हार्प्सिकॉर्डांचा डी मायनरमधील कॉन्चेर्टो पियानोंवर सादर झाला आणि वादक होते क्लारा, फेलिक्स व लुई राकेमान. बाखने आपल्या मुलांसमवेत ज्या शहरात अशी कॉन्चेर्टो वाजवली असे सांगितले जाते, त्याच शहरात सुमारे शंभर वर्षांनी एका जागेवर मुलगी बसली होती. फॅनीपेक्षा क्लारा चौदा वर्षांनी लहान. दोघींच्या कसबात मोठे अंतर असल्याचा पुरावा नाही. अंतर होते ते घरांत.

फ्रीड्रिख वीक हा पियानोशिक्षक होता आणि पियानोविक्रीचे व भाड्याने स्वरलेखने देण्याचे दुकान चालवीत होता. पत्नी मारिआने ही बासरीवादक योहान गेओर्ग ट्रोमलिट्झ याची नात, आणि स्वतः गेवांडहाऊसमध्ये गायिका व वादक म्हणून कार्यक्रम केलेली. १८२४ मध्ये ती पतीपासून विभक्त झाली. सॅक्सनीच्या कायद्यानुसार मुलांवर पित्याचा हक्क होता. त्यामुळे पाचवे वर्ष पूर्ण होताच, चारच दिवसांनी, क्लाराला आईपासून वडिलांच्या घरी परतावे लागले. तोवर ती जवळजवळ बोलतच नव्हती. तिला ऐकू येत नसावे, अशी घरच्यांना शंका होती. वीकने तिला हाती घेतले ते आपल्या अध्यापनपद्धतीचे जिवंत प्रमाण म्हणून. रोज एक तास धडा, मोजका सराव, मोकळ्या हवेत दीर्घ फेरफटका, जोडीला रचनाशास्त्र, गायन, व्हायोलिन आणि भाषा. पद्धत म्हणून ती त्या काळातील कित्येक शिक्षकांच्या घोकंपट्टीपेक्षा निश्चितच सरस होती. आठव्या वाढदिवसाच्या सुमारास तिने घरी जमवलेल्या छोट्या वाद्यवृंदासमवेत मोझार्टचा एक कॉन्चेर्टो वाजवला. २० ऑक्टोबर १८२८ रोजी, नऊ वर्षांची असताना, ती गेवांडहाऊसमध्ये एमिली रायखोल्डच्या सोबतीने चार हातांची एक रचना वाजवण्यास प्रथम आली. ८ नोव्हेंबर १८३० रोजी त्याच सभागृहात तिची स्वतःची मैफल झाली.

येथे मुलीचे वादन प्रतिष्ठेच्या आड येत नव्हते, कारण ते घराचा व्यवसाय होते. तिच्या प्रत्येक मैफिलीने वीकच्या शिकवण्या वाढत आणि दुकानातील पियानोही विकले जात. मुलगी असणे येथे अडसर ठरले नाही, आणि मुलगा असणे ही पात्रताही ठरली नाही. रॉबर्ट शूमान १८३०-३१ मध्ये वीकच्या घरी राहून शिकत होता. व्हायोलिनचा पाठ नीट झाला नाही म्हणून वीकने क्लाराचा भाऊ आल्विन याला केस धरून जमिनीवर आपटले, मुलगा रडत विनवण्या करीत राहिला, आणि क्लारा मात्र किंचित हसून आपला सोनाटा घेऊन पियानोकडे गेली, असा प्रसंग शूमानने आपल्या रोजनिशीत नोंदवला आहे. या घरात लिंगभेदाहून कठोर असा दुसरा भेद होता, तो उपयुक्ततेचा.

या व्यवस्थेची किंमत क्लाराच्याच रोजनिशीत वाचता येते. ही रोजनिशी ७ जून १८२७ रोजी सुरू झाली. तिचा आरंभीचा बराच भाग वडिलांनी लिहिला आहे आणि तो प्रथमपुरुषी, क्लाराच्या नावाने. 'मी' असे लिहिणारा हात पित्याचा. मुलीची मैफल, मुलीची मिळकत, मुलीचे आत्मकथनही पित्याच्या ताब्यात होते. फॅनीच्या पित्याने तिला घरात ठेवले, परंतु तिची पत्रे व रोजनिशी तिच्या स्वतःच्या हातची आहेत. क्लाराला सभागृह लाभले आणि 'मी' हा शब्द मात्र उशिरा लाभला.

तिच्या कॉन्चेर्टोतही घराच्या खुणा आहेत. त्याचा अखेरचा भाग १८३३ मध्ये, ती तेरा वर्षांची असताना, स्वतंत्र रचना म्हणून सुरू झाला आणि त्याच्या वाद्यवृंदलेखनात शूमानने साहाय्य केले. मधल्या संथ भागात तर तिने एक धाडसी गोष्ट केली : संपूर्ण वाद्यवृंद गप्प बसवून पियानो व एका चेलोलाच संवाद करू दिला. वाद्यवृंदासमोर बसण्याची संधी मिळालेल्या मुलीने आपल्या पहिल्याच कॉन्चेर्टोच्या मध्यभागी दिवाणखान्यातील संगीत आणून ठेवले. ही रचना १८३७ मध्ये प्रकाशित झाली.

क्लाराने शूमानशी विवाह करण्याचे ठरवले तेव्हा पित्याचा विरोध न्यायालयापर्यंत गेला. वादात चारित्र्याचे आरोप होते, तसाच पैशाचाही प्रश्न होता. तिच्या मैफिलींच्या उत्पन्नावर आणि वाद्यांवर वीकने हक्क सांगितला. ऑगस्ट १८४० मध्ये न्यायालयाने संमती दिली आणि १२ सप्टेंबर रोजी, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विवाह झाला. वीक मात्र आपल्या पद्धतीपासून ढळला नाही. दुसऱ्या विवाहापासून झालेली मुलगी मारी हिला त्याने तशाच रीतीने तयार केले आणि तीही व्यावसायिक पियानोवादक झाली. क्लाराने आठ अपत्यांना जन्म दिला, १८५६ मध्ये वैधव्य आल्यावर पियानोवरच कुटुंब पोसले आणि अखेरची सार्वजनिक मैफल १८९१ मध्ये फ्रांकफुर्ट येथे केली.

१८४७ च्या आरंभी शूमान दाम्पत्य बर्लिनला आले असता क्लारा आणि फॅनी यांचा स्नेह जुळला. क्लारा सत्तावीस वर्षांची होती, तिच्यामागे एकोणीस वर्षांच्या सार्वजनिक वादनाचा अनुभव होता. फॅनी एक्केचाळीस वर्षांची होती आणि स्वतःच्या नावाने आपल्या रचना प्रकाशित करण्याचा निर्णय तिने आदल्याच वर्षी घेतला होता. त्यापूर्वी तिची सहा गीते फेलिक्सच्या नावाने त्याच्या संग्रहांत छापली गेली होती. दोघींनीही नुकतेच पियानो, व्हायोलिन व चेलो यांच्यासाठी त्रिवाद्यरचना केल्या होत्या. बर्लिनलाच कायमचे राहावयास यावे, असा विचार क्लाराच्या मनात येऊ लागला आणि फॅनीचा सहवास हे त्याचे एक मोठे कारण होते. १४ मे १८४७ रोजी, येत्या रविवारच्या मैफिलीसाठी फेलिक्सच्या 'पहिली वालपुर्गिस रात्र' या रचनेची तालीम घेत असताना, फॅनीचे हात पियानोवर एकाएकी लुळे पडले. त्याच रात्री तिचे निधन झाले. शूमान कुटुंब बर्लिनला गेले नाही.